घराच्या खिडक्यांसाठी वायूभरित दुहेरी काच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे घर सजवताना किंवा जुन्या खिडक्या बदलताना फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये हल्ली 'डीजीयू, आर्गॉनसह' अशी एक ओळ असते. तिच्यापुढची रक्कम साध्या काचेच्या काही पट असल्यामुळे ती ओळ ठेवावी की काढावी, असा प्रश्न घरमालकाला पडतो. खालील उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्र आणि गोव्यातील हवामान डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. थंड देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी शेवटाकडे स्वतंत्र उत्तर आहे, कारण तेथे हिशेब जवळजवळ उलटा होतो.

वायूभरित दुहेरी काच म्हणजे नेमके काय?

दोन काचा एकमेकींना समांतर ठेवून, त्यांच्या कडांमध्ये स्पेसर नावाची पोकळ पट्टी बसवून आणि चारही बाजू हवाबंद करून जे एकसंध पॅनेल तयार होते, त्याला बाजारात डबल ग्लेझ्ड युनिट किंवा नुसते डीजीयू म्हणतात. स्पेसरच्या पोकळीत मॉलिक्युलर सिव्ह नावाचे बारीक दाणे भरलेले असतात. आत अडकलेली किंवा पुढे झिरपणारी आर्द्रता ते शोषून घेतात. काच आणि स्पेसर यांच्यामध्ये ब्युटाइल या रबरासारख्या चिकट पदार्थाचा पातळ थर असतो आणि त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकोनचा जाड थर असतो. मधल्या पोकळीत साधी कोरडी हवा असेल तर ते हवेचे युनिट, आणि तिच्या जागी आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू असेल तर ते वायूभरित युनिट होय. कोटेशनमध्ये '६-१२-६' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ६ मि.मी. काच, १२ मि.मी. पोकळी आणि पुन्हा ६ मि.मी. काच असा होतो. हा आकडा बाहेरून आत वाचायचा असतो.

हवेऐवजी वायू भरल्याने काय साधते?

पोकळीतून उष्णता तीन मार्गांनी जाते. वायूमधून वहनाने जाते, वायू वर-खाली फिरू लागला तर अभिसरणाने जाते, आणि एका काचेकडून दुसरीकडे प्रारणाने जाते. वायू बदलल्याने यांपैकी फक्त पहिल्या दोन मार्गांवर परिणाम होतो. हवेची उष्णतावाहकता एका मीटरमागे, एका अंशामागे सुमारे ०.०२५ वॅट आहे. आर्गॉनची सुमारे ०.०१७ आणि क्रिप्टॉनची सुमारे ०.००९ आहे. म्हणजे वहनाच्या बाबतीत आर्गॉन हवेपेक्षा साधारण एक तृतीयांशाने सरस ठरतो. त्याचा रेणू हवेपेक्षा जड असून तो आळसावल्यासारखा हलतो, असेही म्हणता येईल, परंतु पोकळी फार रुंद केली की तोही फिरू लागतो आणि फायदा थांबतो. म्हणूनच आर्गॉनसाठी १४ ते १६ मि.मी. आणि क्रिप्टॉनसाठी १० ते १२ मि.मी. ही पोकळी योग्य मानली जाते. '२० मि.मी.ची पोकळी घ्या, जास्त गॅस बसेल' हा सल्ला त्यामुळे निरर्थक आहे.

आर्गॉन, क्रिप्टॉन की झेनॉन?

घरासाठी आर्गॉन. आपण श्वासात घेतो त्या हवेत आर्गॉनचे प्रमाण ०.९३ टक्के आहे, म्हणून हवेपासून ऑक्सिजन व नायट्रोजन वेगळे करताना तो भरपूर मिळतो आणि वेल्डिंगच्या कामासाठी त्याची नळकांडी औद्योगिक वसाहतींत सर्रास असतात. क्रिप्टॉन मात्र हवेत दहा लाखांत सुमारे एक भाग एवढाच असतो, आणि झेनॉन त्याहूनही दुर्मीळ आहे. त्यांच्या किमती त्या प्रमाणातच चढतात. क्रिप्टॉनला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा पोकळीला जागाच नसते. उदाहरणार्थ, तिहेरी काचेच्या युनिटमध्ये दोन्ही पोकळ्या अरुंद ठेवाव्या लागतात, किंवा वारसा इमारतीच्या नाजूक लाकडी चौकटीत जाड युनिट मावत नाही. युरोपात एकेकाळी आवाज कमी करण्यासाठी सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायूही खिडक्यांत भरत असत. हरितगृह परिणामात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक भारी असल्याने युरोपीय संघाने २००७ पासून घरगुती खिडक्यांत आणि २००८ पासून इतर खिडक्यांत तो बंद केला.

हे वायू घरात धोकादायक आहेत का?

नाहीत. आर्गॉन आणि क्रिप्टॉन विषारी नाहीत, पेट घेत नाहीत, त्यांना रंग वा वास नाही, आणि काच फुटून ते बाहेर पडले तरी काही लिटर वायू खोलीत मिसळून जातो.

लो-ई लेप नसताना आर्गॉन भरून घ्यावा का?

घेऊ नये. साध्या काचेची उत्सर्जकता ०.८४ च्या आसपास असते, म्हणजे उष्णतेचे प्रारण ती मुक्तपणे देते आणि घेते. लेप नसलेल्या दुहेरी काचेच्या पोकळीतून जाणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, या प्रारणाचाच असतो. वायू बदलून आपण उरलेल्या एक तृतीयांशावरच उपचार करत असतो. लो-ई लेप म्हणजे काचेवर चढवलेला चांदीचा अदृश्य थर. तो उत्सर्जकता ०.०५ च्याही खाली आणतो आणि प्रारणाचा मार्ग जवळजवळ बंद करतो. तो मार्ग बंद झाल्यावर वायूच्या गुणाला महत्त्व येते.

आकड्यांत सांगायचे तर, यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून जाणारे वॅट. ६ मि.मी.च्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू सुमारे ५.७ असते. ६-१२-६ हवेच्या साध्या युनिटची २.८, आणि त्यात आर्गॉन भरला तर २.६. त्याच मापाच्या लो-ई युनिटची हवेसह सुमारे १.६ आणि आर्गॉनसह सुमारे १.३ येते. पोकळी १६ मि.मी. केली तर अनुक्रमे १.४ आणि १.१ पर्यंत मजल जाते. लेप नसेल तर आर्गॉनने ०.२ वाचतात आणि लेप असेल तर ०.३, परंतु लेपाने स्वतः १.२ वाचतात. विक्रेता लेपाविना आर्गॉन सुचवत असेल, तर त्याला विषय समजलेला नाही किंवा समजला आहे आणि तो सांगत नाही.

महाराष्ट्रात काच निवडताना सर्वांत आधी कोणता आकडा पाहावा?

एसएचजीसी, म्हणजे काचेवर पडलेल्या सूर्याच्या उष्णतेपैकी किती भाग घरात येतो तो अंश. यू-व्हॅल्यू हा दुसरा आकडा आहे आणि वायूचा संबंध केवळ त्या दुसऱ्या आकड्याशी आहे. जाहिरातींत मात्र क्रम नेमका उलटा असतो, कारण यू-व्हॅल्यूभोवतीची बहुतेक परिभाषा थंड देशांतून आलेली आहे.

एक हिशेब करून पाहू. पश्चिमेकडची २ चौरस मीटरची खिडकी, एप्रिलमधील दुपारचे चार, बाहेर ३८ अंश, आत वातानुकूलनाने २६ अंश, आणि काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडते आहे असे धरू. एकेरी साध्या काचेतून तापमानातील फरकामुळे सुमारे १३७ वॅट आणि उन्हामुळे ८२० वॅट आत येतात. साध्या दुहेरी काचेतून हेच आकडे ६७ आणि ७०० होतात. त्यात आर्गॉन भरला तर ६७ चे ६२ होतात, उन्हाचे ७०० तसेच राहतात. त्याऐवजी ०.३ एसएचजीसीचा सोलर कंट्रोल, म्हणजे ऊन अडवणारा, लो-ई लेप असलेले हवेचे युनिट घेतले, तर ३८ आणि ३०० होतात. त्यातही आर्गॉन भरला तर ३८ चे ३१ होतात. लेपाने चारशेहून अधिक वॅट वाचले आणि वायूने पाच ते सात.

सरकारी संहितेतही हेच प्रमाण दिसते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली निवासी इमारतींसाठी प्रसिद्ध केलेल्या इको-निवास संहितेत छत सोडून उरलेल्या बाह्य आवरणातून येणारी उष्णता मोजण्याचे एक सूत्र आहे, आणि त्याची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट ठेवली आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट विभागासाठी त्या सूत्रात खिडकीच्या यू-व्हॅल्यूला १.३१ चा गुणक आहे आणि एसएचजीसीला ६५.२१ चा. दोन्ही संख्या पुढे खिडकीच्या क्षेत्राने आणि दिशेच्या घटकाने सारख्याच गुणल्या जातात. म्हणजे त्या गुणाकाराआधी पाहिले, तर लो-ई युनिटमध्ये आर्गॉन भरून यू-व्हॅल्यू ०.३ ने उतरवली तर पदरात सुमारे ०.४ पडतात, आणि एसएचजीसी ०.७ वरून ०.३ वर आणला तर २६ पडतात.

मग आर्गॉनमुळे वीजबिलात किती फरक पडेल?

लो-ई युनिट घेतलेच आहे आणि प्रश्न फक्त हवा की आर्गॉन एवढाच उरला आहे, असे समजू. काचेचे क्षेत्र १० चौरस मीटर, वर्षात २,००० तास एसी चालू, आणि त्या तासांत आत-बाहेरचा सरासरी फरक १२ अंश, हे किनारपट्टीसाठी उदारपणे धरलेले आकडे आहेत. यू-व्हॅल्यूतील ०.३ च्या फरकाने ३६ वॅट, म्हणजे वर्षाला ७२ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता अडते. एक युनिट वीज घेऊन साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकणारा एसी असेल तर विजेची बचत साधारण २० युनिटांची होते. दहा रुपये युनिट धरले तरी वर्षाला दोनशे रुपये. कोटेशनमध्ये आर्गॉनसाठी एकूण किती रक्कम वाढवली आहे, ती या दोनशेने भागून पाहावी.

विदर्भात आणि मराठवाड्यात, जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो आणि खोली २६ अंशांवर ठेवायची असते, तेथे फरक अधिक असल्याने बचतही दीडपटीपर्यंत जाऊ शकते. तरीही निवडीचा क्रम बदलत नाही. कारखाना किरकोळ फरकाने आर्गॉन देत असेल तर अवश्य घ्यावा. त्यासाठी लेपाचा दर्जा, फ्रेम किंवा बाहेरची सावली यांत काटछाट करावी लागत असेल तर घेऊ नये.

आणखी एक बाब बहुधा कोणी बोलून दाखवत नाही. आपल्याकडे अनेक घरांत वर्षाचे बरेच महिने खिडक्या उघड्याच असतात, आणि त्या तशा असाव्यात हेच योग्य आहे. इको-निवास संहितेत उष्ण-दमट विभागासाठी उघडता येणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे असे म्हटले आहे. उघड्या खिडकीत आर्गॉनला काहीही काम नसते. ज्या खोलीत एसी नाही किंवा क्वचित चालतो, तेथे वायूभरित युनिटवर खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

सर्व खिडक्यांना एकच काच घ्यावी का?

गरज नाही. महाराष्ट्र साधारण १६ ते २२ उत्तर अक्षांशांत येत असल्याने उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर कडक उन्हाळ्यात थेट ऊन फारसे पडत नाही, आणि हिवाळ्यात पडते ते साधा छज्जा बऱ्याच अंशी अडवू शकतो. पूर्व आणि पश्चिमेचे तिरके ऊन मात्र छज्ज्याखालून सरळ आत येते. खर्च आवरायचा असेल तर सोलर कंट्रोल युनिट पश्चिमेला आधी, पूर्वेला नंतर बसवावे, आणि उत्तरेच्या, सावलीत असलेल्या खिडक्यांना साधी काच राहू द्यावी. दर्शनी बाजूला दोन प्रकारच्या काचांच्या रंगछटा वेगळ्या दिसतात, एवढे मात्र आधी नमुने शेजारी ठेवून पाहून घ्यावे.

बाहेरून लावलेला बांबूचा चिक, जाळीदार शटर किंवा खोल गॅलरी ही उष्णता काचेपर्यंत येण्याआधीच थांबवते. आतला पडदा ती आत आल्यावर अडवतो, म्हणून त्याचा उपयोग बराच कमी होतो.

लेप कोणत्या बाजूला असावा, आणि तो आहे हे कसे ओळखावे?

दुहेरी युनिटचे चार पृष्ठभाग बाहेरून आत १, २, ३, ४ असे मोजतात. उष्ण हवामानात लेप दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला असावा, म्हणजे शोषलेली उष्णता बाहेरच्या काचेतच राहून बाहेर निघून जाते. थंड प्रदेशात तो तिसऱ्या पृष्ठभागावर ठेवतात, कारण तेथे घरातली उष्णता परत आत वळवायची असते. युनिट उलटे बसवले तर यू-व्हॅल्यू जवळपास तीच राहते, पण एसएचजीसी वाढतो आणि आतली काच तापते. बसवणाऱ्या कारागिराकडून अशी चूक होऊ शकते, म्हणून 'ही बाजू बाहेर' हे स्टिकर काम तपासून होईपर्यंत काढू देऊ नये.

तपासण्याची सोपी पद्धत अशी, की अंधारात काचेसमोर मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च धरावा. चार प्रतिबिंबे दिसतात. लेप असलेल्या पृष्ठभागाच्या प्रतिबिंबाची छटा इतर तिघांहून वेगळी असते, आणि ते आपल्या बाजूने कितवे आहे यावरून जागा कळते. चारही सारखीच दिसली तर लेप नाही.

गडद किंवा आरशासारखी काच घेतली तर काम स्वस्तात होणार नाही का?

उष्णता कमी होते, पण उजेडही जातो, आणि दिवसा दिवे लावावे लागतात. येथे तिसरा आकडा पाहावा लागतो. तो म्हणजे व्हीएलटी, दृश्य प्रकाशापैकी आत येणारा भाग. चांदीचे दोन थर असलेल्या चांगल्या सोलर कंट्रोल लेपातून निम्मा प्रकाश आत येत असतानाही एसएचजीसी ०.३ च्या आसपास राहू शकतो. साध्या गडद काचेला हे जमत नाही, कारण ती प्रकाश आणि उष्णता दोन्ही शोषते, स्वतः तापते आणि संध्याकाळी ती उष्णता खोलीकडेही सोडते. शिवाय अर्धी उन्हात आणि अर्धी छज्ज्याच्या सावलीत असलेली गडद काच टफन (तापवून, झटकन थंड करून कणखर) केलेली नसेल, तर तापमानातील फरकाने कडेपासून तडकू शकते.

फ्रेम कोणती असावी?

काचेवर हजारो रुपये खर्च करून ती साध्या अॅल्युमिनियमच्या सरकत्या सेक्शनमध्ये बसवणे, हा आपल्याकडे फार वेळा दिसणारा प्रकार आहे. अॅल्युमिनियम उष्णतेचा उत्तम वाहक आहे. थर्मल ब्रेक नसलेल्या अशा फ्रेमची यू-व्हॅल्यू एकेरी काचेइतकी, कित्येकदा त्याहूनही वाईट असते. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) बहुकक्षी फ्रेमची १.३ ते २ च्या दरम्यान येते. आत पॉलिअमाइडची पट्टी घालून दोन भाग वेगळे केलेल्या थर्मल ब्रेक अॅल्युमिनियमची त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येते. लहान खिडकीत फ्रेमचा वाटा एकूण क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत किंवा पुढेही जातो, म्हणून तेथे फ्रेमचा परिणाम वायूच्या कितीतरी पट असतो.

दुसरा प्रश्न फटींचा आहे. सरकत्या खिडकीत ब्रशच्या पट्ट्या असतात, त्यांतून हवा, धूळ आणि आवाज येतोच. रबरी गॅस्केटवर दाबून बसणारी, अनेक ठिकाणी लॉक होणारी केसमेंट (बिजागरीवर दारासारखी उघडणारी) खिडकी पुष्कळ अधिक हवाबंद असते. आपल्याकडे तिला एकच अडचण आहे, ती म्हणजे सुरक्षेचे ग्रिल. बाहेर उघडणारे पान ग्रिलला आपटते, म्हणून आत उघडणारी किंवा टिल्ट अँड टर्न पद्धतीची (वरून आत कलणारी आणि दारासारखी आतही उघडणारी) खिडकी घ्यावी लागते, आणि मग पडदे आणि मच्छरदाणी कोठे बसवायची याचा विचार आराखड्यातच करावा लागतो.

वजनाचाही हिशेब ठेवावा. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला २.५ किलो असते. ६-१२-६ युनिट म्हणजे ३० किलो प्रति चौरस मीटर, आणि दीड मीटर बाय सव्वा मीटरचे पान ५५ किलोंच्या पुढे जाते. स्वस्त रोलर आणि बिजागऱ्या हे वजन फार काळ पेलत नाहीत.

जुन्या फ्रेममध्ये फक्त काच बदलता येईल का?

बहुतेक वेळा नाही. ५ मि.मी. काचेसाठी बनलेल्या सेक्शनच्या खाचेत २४ मि.मी.चे युनिट मावत नाही. फ्रेम सुस्थितीत असेल आणि बजेट मर्यादित असेल, तर पश्चिमेच्या काचेवर चांगल्या दर्जाची सोलर कंट्रोल फिल्म आणि बाहेर चिक, एवढ्यानेही मोठा भाग साधतो. गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत दर्शनी स्वरूप बदलणार असेल, तर कामाला हात घालण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

वायू किती वर्षे टिकतो?

युरोपीय मानक ईएन १२७९ च्या तिसऱ्या भागात वायू गळण्याची मर्यादा वर्षाला १ टक्क्याहून कमी ठेवली आहे. सुरुवातीला ९० टक्के भरलेले आणि त्या मर्यादेत राहणारे युनिट वीस वर्षांनीही बहुतांश आर्गॉन बाळगून असते. अर्थात हे आश्वासन वायूवर अवलंबून नसून कडेच्या सीलवर अवलंबून आहे. वायू रोखण्याचे खरे काम ब्युटाइलचा आतला थर करतो. बाहेरच्या थरात पॉलिसल्फाइडमधून वायू कमी झिरपतो, सिलिकोनमधून बराच जास्त. म्हणून सिलिकोनने सील केलेल्या युनिटमध्ये ब्युटाइलचा थर कोपऱ्यांसह अखंड असणे फार महत्त्वाचे ठरते. लो-ई काचेच्या कडेचा लेप घासून काढलेला असला पाहिजे, नाहीतर सील लेपाला चिकटतो, काचेला नाही, आणि लेप कडेने गंजत आत जातो.

सील निकामी होण्याचे आपल्याकडचे मुख्य कारण पाणी आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी साचून राहिले आणि युनिटची खालची कड महिनोन् महिने ओली राहिली, तर कोणताही सील हळूहळू हार मानतो. युनिट नेहमी पॅकिंगच्या ठोकळ्यांवर उचललेले असावे आणि फ्रेमला पाणी वाहून जाण्याची भोके असावीत. सिमेंटचे काम झाल्यावर ती भोके बुजलेली तर नाहीत ना, हेही पाहावे.

वायू खरोखर भरला आहे, हे ग्राहकाला कसे कळेल?

नुसते पाहून कळत नाही, कारण आर्गॉनला रंग नाही. काचेवर उपकरण टेकवून आत बारीक ठिणगी पाडतात आणि तिच्या प्रकाशावरून वायूचे प्रमाण वाचतात. असे हाती धरण्याचे यंत्र चांगल्या उत्पादकाकडे असते. मोठ्या ऑर्डरीत काही युनिटांची अशी तपासणी आपल्यासमोर करून मागण्यात संकोच नसावा. भरण्याच्या पद्धतीची चौकशीही उपयोगी पडते. स्वयंचलित प्रेसमध्ये दोन काचा वायूच्या वातावरणातच एकत्र दाबल्या जातात, तर हाताने भरताना स्पेसरला भोके पाडून एका बाजूने वायू सोडतात, दुसऱ्याने हवा काढतात, आणि नंतर भोके बुजवतात. दुसऱ्या पद्धतीनेही चांगले काम होते, पण ते पूर्णतः कारागिराच्या सावधपणावर असते.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यावे?

काचेच्या लेपाचे नेमके उत्पादननाव, तो कोणत्या पृष्ठभागावर आहे, पूर्ण युनिटची यू-व्हॅल्यू, एसएचजीसी आणि व्हीएलटी, वायू आणि त्याचे सुरुवातीचे प्रमाण, स्पेसर व दोन्ही सीलांचा प्रकार, आणि सीलवरची हमी किती वर्षांची, हे सर्व कागदावर असावे. नुसते 'एनर्जी सेव्हर काच' असे लिहिलेले कोटेशन परत पाठवावे. आकडा काचेच्या मध्यभागाचा आहे की फ्रेमसह संपूर्ण खिडकीचा, हे विचारणे सर्वांत फायद्याचे ठरते, कारण पहिला नेहमीच देखणा असतो. टफन काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे मापे प्लास्टर आणि ग्रॅनाइटच्या पट्ट्या बसल्यावरच अंतिम करावीत.

महाबळेश्वर-पाचगणीच्या घरासाठी काही वेगळे पाहावे लागते का?

होय, आणि ही गोष्ट कारखान्याला आधी सांगितली नाही तर पश्चात्ताप होतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो. समुद्रसपाटीला बंद केलेले युनिट घाट चढून गेले की आतला वायू फुगतो आणि दोन्ही काचा बाहेर वाकतात. मोठ्या काचेत प्रतिबिंबे वाकडी दिसतात, एवढ्यावर भागते. परंतु लहान, अरुंद युनिटची काच वाकायला तयार नसल्याने सगळा ताण सीलवर येतो. यावर दाब समान करणारी बारीक केशनळी ठेवतात. ती उघडी राहिली तर आर्गॉनही त्याच वाटेने निघून जातो. अशा ठिकाणी युनिट जागेवर पोहोचल्यावर नळी बंद करण्याची जबाबदारी उत्पादकाने घ्यावी, नाहीतर सरळ हवेचे लो-ई युनिट घ्यावे.

आर्गॉनने रस्त्याचा आवाज कमी होतो का?

जाणवण्याइतका नाही. ६-१२-६ सारख्या समान जाडीच्या युनिटनेही आवाज एकेरी काचेहून थोडासाच कमी होतो, कारण दोन्ही काचा एकाच कंपनाला साथ देतात. हमरस्त्याला किंवा लोकलच्या मार्गाला लागून घर असेल तर दोन काचांची जाडी वेगवेगळी ठेवावी, त्यांतली एक लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली) असावी, पोकळी रुंद असावी, आणि खिडकी केसमेंट असावी. फटींतून येणारा आवाज कोणत्याही काचेने अडत नाही.

पावसाळ्यात काचेवर बाहेरून धुके जमते. युनिट बिघडले का?

नाही. मुंबईत पावसाळ्यात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊन जमू लागते ते तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो. आत एसी २२ वर असेल तर एकेरी काचेची बाहेरची बाजू दवबिंदूखाली जाऊ शकते आणि मग तिच्यावर बाष्प जमते. दुहेरी काचेत बाहेरची काच अधिक उबदार राहत असल्याने हे कमी होते, पूर्ण थांबते असे नाही. ते कापडाने पुसले जाते आणि त्याने नुकसान होत नाही. पुसले न जाणारे, दोन काचांच्या मधले धुके मात्र सील गेल्याची खूण आहे.

परदेशात, थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी काय पाहावे?

तेथे आर्गॉन हा डीजीयूचा स्वाभाविक भाग आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. महिनोन् महिने आत-बाहेर वीस-पंचवीस अंशांचा फरक, चोवीस तास, त्यामुळे यू-व्हॅल्यूतील प्रत्येक दशांश बिलात दिसतो. इंग्लंडमध्ये बदलून बसवायच्या खिडकीसाठी १.४ आणि जर्मनीत १.३ ही संपूर्ण खिडकीची मर्यादा आहे, आणि ती लो-ई व आर्गॉनशिवाय गाठणे कठीण असते. युरोपात एसएचजीसीला जी-व्हॅल्यू म्हणतात. दक्षिणेकडील खिडकीला तो जास्त असलेलाच बरा, कारण हिवाळ्यातले ऊन तेथे फुकटचे इंधन असते. न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या वाचकांनी एकके सांभाळावीत. अमेरिकेतील यू-फॅक्टरला ५.६८ ने गुणले की मेट्रिक आकडा मिळतो, म्हणजे तेथील ०.२२ म्हणजे येथील सुमारे १.२५. भारतातील नातेवाइकाच्या खिडकीशी थेट तुलना केली तर घोटाळा ठरलेला. दुबई-सिंगापूरकरांनी मात्र वरची महाराष्ट्राचीच उत्तरे वाचावीत.

वायू निघून गेला तर पुन्हा भरता येतो का?

व्यवहारात नाही. ज्या सीलमधून वायू गेला तो तसाच राहतो, आणि तोवर मॉलिक्युलर सिव्हही ओलाव्याने भरलेले असते. मात्र फ्रेम काढावी लागत नाही. काचपट्ट्या सोडवून फक्त युनिट बदलता येते. त्यासाठी स्पेसरवर छापलेल्या उत्पादकाच्या क्रमांकाचा आणि तारखेचा बसवतानाच फोटो काढून ठेवावा, आणि मूळ लेपाचे नाव असलेले बिल जपावे. नवे युनिट त्याच लेपाचे मिळाले तरच शेजारच्या खिडकीशी त्याचा रंग जुळतो.